नारळ फोडण्याआधी एकदा विचारा

प्रति,
राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचे नवनिर्वाचित नगराध्यक्ष, नगरसेविका आणि नगरसेवक यांस,

विषय : गावातल्या सोयींबद्दल गावाला विचारण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गुलाल धुऊन झाला असेल, हारतुरे वाळले असतील, फलकांवरचे 'भावी' जाऊन नवे पदही लागले असेल. म्हणून आता लिहायला बसले.

२ डिसेंबर २०२५ ला, आणि काही ठिकाणी २० डिसेंबरला, आम्ही रांगेत उभे राहून मत दिले. २१ तारखेला निकाल लागले. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती. पूर, अपघात किंवा यात्रा असल्याशिवाय मोठ्या वर्तमानपत्रात ज्यांचे नाव येत नाही, अशी ही बहुतेक गावे. त्याआधी अनेक ठिकाणी तीन-तीन, चार-चार वर्षे प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून बजावले, तेव्हा कुठे चक्र हलले. या काळात कामे झालीच नाहीत असे मी म्हणणार नाही. रस्ते झाले, त्यातले काही बरेही झाले. पण भांडायला हक्काचे माणूस नव्हते. नगरसेवक चहाच्या टपरीवर सापडतो, लग्नात सापडतो, अगदीच नाही सापडला तर त्याच्या आईला जाऊन सांगता येते. प्रशासकाच्या आईला कुठे शोधायचे?

तर आता माणसे आली आहेत. नगराध्यक्षही यंदा आम्ही थेट निवडले. या पत्रात मी रस्ता, पाणी, दिवा असे काहीच मागत नाही. ते मागणारी निवेदने, त्यांवरचे शिक्के आणि पोच आमच्या घराघरांत पिशव्या भरून आहेत. माझे मागणे एवढेच की गावात काहीही बांधण्याआधी, उकरण्याआधी, विकत घेण्याआधी गावाला विचारा. निविदा निघाल्यावर विचारू नका, आधी विचारा. आणि जे ऐकाल ते लिहून ठेवा.

"लोकांना विचारूनच तर करतो सगळे" असे तुम्ही म्हणाल. म्हणून जरा मागे जाते.

आपल्यातली कितीतरी गावे दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायती होती. २०१४ नंतर सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायला घेतल्या. गावाला 'शहर' म्हणून निधी येऊ लागला, मुख्याधिकारी आले, बांधकाम परवानगीचे नियम बदलले, घरपट्टीही बदलली. एक गोष्ट मात्र गुपचूप गेली आणि तिच्यासाठी कुणी निषेधाचा फलकही लावला नाही. ती म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ग्रामसभेच्या म्हणून खेड्यातल्या पोरालाही पाठ असतात. मी ग्रामसभेचे गोडवे गाणार नाही. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेल्या सभा सगळ्यांनी पाहिल्या आहेत, रजिस्टर घरोघर फिरवून घेतलेल्या सह्याही पाहिल्या आहेत, आणि एकमेकांच्या बांधावरून निघालेली भांडणे तर विचारूच नका. पण त्या सभेत कुणीही उठून "हातपंपाचे काय झाले?" असे विचारू शकत होते, आणि ग्रामसेवकाला ते इतिवृत्तात लिहावे लागत होते. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची, असाही नियम होता. आज आमच्या शेजारच्या वाडीतल्या बाईला ती सोय आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मला नाही.

शहरांसाठी राज्यघटनेने काय ठेवले आहे? ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३-एस प्रमाणे वॉर्ड समित्या सक्तीच्या आहेत, पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. आपल्या कायद्यात एक लाखाच्या वर गेले की नगरपरिषद 'अ' वर्गात जाते, म्हणजे ती सगळ्यात मोठी. आमच्यासारखी 'क' वर्गातली गावे तर चाळीस हजारांच्याही खालची. म्हणजे गाव खेडे असले तर सभा, महानगर असले तर समिती, आणि मधल्या मध्ये आम्ही.

यावर उपाय म्हणून कायदा बदलायची वाट बघा असे मी सांगत नाही. प्रभागातल्या लोकांना वर्षातून चार वेळा बोलावून बसवायला कोणताही कायदा तुम्हाला मनाई करत नाही.

आता, आम्हाला कधीच विचारले जात नाही असेही नाही. विचारतात. कधी विचारतात ते बघा.

घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते, तेव्हा नोटीस घरी येते, हरकत घेता येते, सुनावणी होते. त्या दिवशी नगरपरिषदेच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. हरकत घ्यायला आलेला प्रत्येक माणूस कराविषयी दोन वाक्ये बोलतो आणि मग दहा वाक्ये गटाराविषयी बोलतो. सुनावणी घेणारे साहेब म्हणतात, "तो आजचा विषय नाही." मग कोणत्या दिवशीचा आहे? कर मोजायला सुनावणी आहे, तर त्या करातून काय मिळते हे सांगायलाही एक दिवस ठेवा. लोक येतील, पैज लावते.

दुसरा प्रसंग विकास आराखड्याचा, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशाचा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. तीस दिवस तो रंगीत नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लटकतो. हिरवा रंग कशाचा, पिवळा कशाचा, आपले घर त्यात नेमके कुठे, हे सांगायला तिथे कुणी बसत नाही. ज्याची जमीन आरक्षणात आली आहे तो वकील घेऊन येतो. ज्या पोरांचे मैदान त्या नकाशात पुसले गेले आहे ती पोरे येत नाहीत, कारण त्यांना ठाऊकच नसते. पुढची गोष्ट आणखी वाईट. बागेसाठी, मैदानासाठी, भाजी मंडईसाठी आरक्षण पडते, आणि आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. त्यानंतरच्या मुदतीतही नगरपरिषद हलली नाही तर आरक्षण सुटते. गावातली बाग गेली हे आपल्याला तिथे व्यापारी संकुलाचा पाया खणला जातो तेव्हा कळते. तुमच्या गावात अशी किती आरक्षणे शिल्लक आहेत, त्यांतल्या कोणत्या जागेची दहा वर्षे भरत आली आहेत, ही यादी पहिल्या महिन्यात मागवा आणि चौकात लावा. खर्च एका फ्लेक्सचा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे दोन कमी लावले तरी भागेल.

तिसरा प्रसंग स्वच्छ सर्वेक्षणाचा, म्हणजे केंद्र सरकार शहरांना स्वच्छतेचे गुण देते त्याचा. तो आला की आमच्या मताला एकदम सोन्याचा भाव येतो. नागरिकांच्या प्रतिसादाला गुण असतात ना! मग घंटागाडीवर गाणे वाजते, भिंती रंगतात, कर्मचारी दारात येऊन म्हणतात, "ताई, तेवढा मोबाईल द्या, मी भरून देतो." आमचे मत आमच्याच फोनवरून दुसरा कुणी नोंदवून जातो आणि आम्ही पाणी विचारून त्याला निरोप देतो. त्या पोराचा दोष नाही, त्याला आकडा दिलेला असतो. गुणांकनाने काही गावांचे भले झाले आहे हे मला मान्य आहे. २०२० च्या सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिले कऱ्हाड, दुसरे सासवड, तिसरे लोणावळा, तिन्ही आपलीच. ही गावे बघून यावीत अशीच आहेत. पण गुणासाठी विचारलेला प्रश्न वेगळा आणि कामासाठी विचारलेला वेगळा. "तुम्ही समाधानी आहात का?" या प्रश्नाचे मी काय करू? सोमवारी असते, गुरुवारी नसते.

केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक काढला, तेव्हाही लोकांच्या मताला तीस टक्के वजन दिले होते. २०२१ मध्ये त्याचे निकाल आले, दहा लाखांवरच्या शहरांत पुणे देशात दुसरे ठरले. चांगली गोष्ट आहे. पण यादीत शहरे होती १११, आणि ती मोठी. आमच्या गावात राहणे सोपे आहे की अवघड, हे आजवर कुणी मोजायला आलेले नाही.

न विचारता जे मिळते त्याचे नमुने तुमच्याही गावात असतील. 'आय लव्ह' आणि पुढे गावाचे नाव अशी मोठी दिव्यांची अक्षरे चौकात उभी राहिली. आमच्याकडच्या अक्षरांतले एक पहिल्याच पावसात विझले, तेव्हापासून रात्री गावाचे नाव अर्धवट वाचता येते. बाहेरगावचे लोक फोटो काढतात, हसतात. त्या अक्षरांच्या मागे वीस पावलांवर एसटीची वाट बघणाऱ्या मुली उभ्या असतात, तिथे दिवा नाही. अक्षरांना वीज मिळाली, मुलींना नाही. ओपन जिमचेही तेच. लोखंडी यंत्रे उघड्या मैदानात बसवली, सावली नाही. दुपारी हात लावला तर चटका बसतो, संध्याकाळी अंधार म्हणून बायका जात नाहीत, सकाळी दोन निवृत्त मास्तर असतात. बाकी वेळ त्यावर पोरे झोके घेतात आणि यंत्राचा एकेक नट गळत जातो. बागेतल्या बाकांबद्दल, सावलीच्या झाडांबद्दल, पिण्याच्या पाण्याच्या नळाबद्दल विचारले असते तर वेगळे उत्तर मिळाले असते आणि पैसेही वाचले असते. स्वागत कमानीवर मी काही लिहीत नाही. ती सगळ्यांना आवडते म्हणे.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण आमच्या गावांत सोयी म्हटले की पहिले पाणी आणि शेवटचेही पाणीच.

आमच्या बोळात पाण्याआधी आवाज येतो. व्हॉल्व्हमन लांब दांड्याची चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या खड्ड्यावरचे झाकण सरकवतो, वाकून व्हॉल्व्ह फिरवतो. मग नळातून नुसती हवा सुटते, नळ खोकतो, पहिल्यांदा येते ते गढूळ, ते बादलीभर गटारात जाते. पाणी निवळते न निवळते तोच खालच्या अंगाच्या घरांतून मोटारींची घरघर सुरू होते आणि चढावरच्या घरांची धार बारीक होत होत सुतासारखी उरते. चढावरच्या बायका मग खाली येऊन ओरडतात, खालच्या म्हणतात आमच्या टाकीत काही नाही. दर पाण्याला हेच. दोघींचेही खरे असते, कारण पुढचे पाणी कधी येईल हे दोघींनाही माहीत नसते. खात्री नसली की माणूस साठवतो.

केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्यांसाठी ७० लिटर असे माप दिले होते. योजनांच्या अहवालांत हे आकडे असतात, आणि कागदावर ते बसतातही. टाकीतून सुटलेले पाणी भागिले लोकसंख्या, झाले माप. पण पाणी नळाशी मोजले जात नाही. पाइपलाइनच्या शेवटच्या घराला काय मिळते याचा रकाना मी तरी कोणत्याच तक्त्यात पाहिलेला नाही.

तर, विचारायचे असेल तर असे विचारा. काल पाणी किती वाजता आले? किती वेळ होते? मोटार न लावता किती भांडी भरली? त्यासाठी घरातले कोण थांबले, आणि थांबल्यामुळे त्याचे काय बुडाले? या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक बोळातल्या पहिल्या आणि शेवटच्या घरातून आणा. तुम्हाला कळेल की पुष्कळ बायका जास्त पाणी मागतच नाहीत, ठरलेली वेळ मागतात. चार दिवसांआड येऊ दे, पण सहाला म्हटले की सहाला येऊ दे. पाणी येईल म्हणून मजुरीला खाडा केला आणि पाणी आलेच नाही, तर दोन्हीकडून गेले. वेळ पाळायला नवी टाकी लागत नाही, कोटींचा प्रस्ताव मंत्रालयात पाठवावा लागत नाही. वेळापत्रक लागते, आणि बिघाड झाला तर आदल्या रात्री एक निरोप लागतो. हा निरोप आजही येतो, पण तो व्हॉल्व्हमन ज्यांना ओळखतो त्यांच्याच फोनवर. त्या व्हॉल्व्हमनलाही विचारा. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कुणाची जोडणी चोरीची, कुठे दाब पोहोचत नाही, हे त्याच्याइतके नकाशाला ठाऊक नाही. बहुतेक ठिकाणी तो कंत्राटी असतो आणि सभागृहात त्याला खुर्ची नसते.

लहान गावाला हे जमत नाही असे म्हणू नका. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. जितके जास्त वापराल तितका चढता दर, असा हिशेब ठेवला. मीटर म्हटले की आपली माणसे बिथरतात. फलक लावून मीटर बसत नाहीत, दारात जाऊन बोलावे लागते. वेंगुर्ल्याने कचऱ्याचे घराघरांत वर्गीकरण करून घेतले आणि कचरा डेपोच्या जागेवर पार्क केले. दोन्ही गावे आकाराने आपल्याचसारखी. सहलीला केरळला जाण्याआधी अभ्यासदौरा म्हणून तिथे जाऊन या.

आता कुणाला विचारायचे. तुमच्या मनात पहिल्यांदा येतील ते व्यापारी संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, पत्रकार आणि ज्यांच्या दारात चारचाकी आहे ते. त्यांना विचाराच. पण ते न विचारताही सांगतात. राहतात ते बाकीचे. भाडेकरू, ज्यांचे नाव घरपट्टीच्या पावतीवर नसते म्हणून कुणी जमेस धरत नाही. सफाई कामगार, ज्यांना गटाराची खोली अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असते. आणि खेड्यांतून येणारी माणसे. आमचे गाव फक्त आमचे नाही, आजूबाजूच्या खेड्यांचेही आहे. त्यांची पोरे इथल्या कॉलेजात येतात, त्यांची म्हातारी माणसे इथल्या दवाखान्यात येतात, आठवडी बाजारात भाजीचे गाठोडे घेऊन भल्या पहाटे उतरणारी बाई त्यांचीच. तिचे मत तुमच्या यादीत नाही, म्हणून तिचा प्रश्नही नाही.

तिचा प्रश्न सांगते. बाजाराच्या दिवशी ती पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत एका जागी बसते. जागेची पावती फाडते, म्हणजे तुमच्या तिजोरीत पैसे भरते. आणि दिवसभर पाणी पीत नाही. का पीत नाही हे आपल्या सभागृहातल्या प्रत्येक बाईला न सांगता कळेल. राज्यात या सभागृहांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तरी बाजारतळावर बायकांसाठी मुतारी नाही, किंवा आहे आणि कुलूप आहे, किंवा कुलूप नाही आणि दार नाही. नगरसेविका ताईंनो, हा विषय तुम्हीच मांडा, आणि स्वतः मांडा. सह्या ताईंच्या आणि फोन भाऊंचा, हे आता पुरे झाले. जागा कुठे हवी हेही त्या भाजीवालीलाच विचारा. नाहीतर अभियंता ती बाजाराच्या पार टोकाला, दारूच्या दुकानाशेजारी बांधेल, कारण तिथे सरकारी जागा मोकळी आहे.

बाकीचे भराभर सांगते. अभ्यासिका रात्री नऊला बंद होते, ती परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत हवी. स्मशानात दिवा आणि हात धुवायला पाणी हवे. मोकाट कुत्र्यांबद्दल पोस्टमन आणि दूधवाल्याला विचारा. नवे पेव्हिंग ब्लॉक आधी बसवायचे आणि मग जलवाहिनीसाठी उखडायचे, हा क्रम उलटा करा.

आमच्या तक्रारींना मिळणारे सगळ्यांत नेहमीचे उत्तर म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही." ते पुष्कळदा खरेही असते. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, बसस्थानक एसटी महामंडळाचे, ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचे, डीपी महावितरणचा. राहणाऱ्याला ही वाटणी दिसत नाही, त्याला खड्डा दिसतो. वाटणी तुमच्या सोयीची आहे, तर ती तुम्हीच लिहून लावा. कोणत्या रस्त्याचा मालक कोण, कोणत्या गटाराचा ठेकेदार कोण, दोषदायित्वाची मुदत (काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) कधी संपते, आणि फोन कुणाला करायचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यातले बरेचसे स्वतःहून जाहीर करायचेच असते. आणि काम दुसऱ्या खात्याचे असले तरी पत्र तुम्हीच लिहा. खाते माझ्या पत्राला उत्तर देत नाही. नगराध्यक्षांच्या पत्राला कदाचित देईल.

नगरपरिषदेच्या कार्यालयात एक तक्रार वही असते. आमच्याकडची मी पाहिली आहे. सुतळीने बांधलेले पेन, पाने कोपऱ्याला मळलेली. रकाने पाच : तारीख, नाव, तक्रार, केलेली कार्यवाही, शेरा. पहिले तीन भरलेले. काही अक्षरे शाळकरी, काही थरथरती, एकाने चक्क गटाराचे चित्र काढले होते आणि बाण दाखवून 'इथे तुंबते' लिहिले होते. चौथा रकाना पानेच्या पाने कोरा. मला त्या कोऱ्या रकान्याचा राग येण्याऐवजी लिहिणाऱ्यांचे नवल वाटले. वरचे कोरे रकाने डोळ्यांसमोर असूनही खाली लोक लिहीतच होते. आता ऑनलाइन तक्रारीही करता येतात, पण तिथे 'निकाली' असा शिक्का बसतो आणि गटार तुंबलेलेच राहते. कोरा रकाना त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत घातली. उशीर झाला तर अपील, आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर जन्माच्या दाखल्यासाठीचे हेलपाटे कमी झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले. बंद दिव्याला, फुटलेल्या पाइपाला, न आलेल्या घंटागाडीला तुम्ही स्वतःच मुदत ठरवा. पहिल्या सर्वसाधारण सभेत ठराव करा. जमेल तेवढीच ठरवा, पण ठरवलेली पाळा. आणि जे जमणार नाही त्याला 'नाही' म्हणा, कारण देऊन म्हणा. "बघतो", "करतो", "निधी आला की" यांपेक्षा आम्हाला 'नाही' परवडते. 'नाही' म्हटले की माणूस आपली दुसरी सोय बघतो.

विचारल्यावर एकमत होईल अशा भ्रमात राहू नका. रस्ता रुंद करा म्हणणाराच आपली पायरी तोडू देणार नाही. हातगाड्या हटवा म्हणणारी बाई संध्याकाळी त्याच गाडीवरून भाजी घेईल. दोन बाजू समोरासमोर बसल्या तर निदान एकमेकींचे ऐकतील. आज दोघीही वेगवेगळ्या वेळी तुमच्या घरी येतात आणि तुम्ही दोघींनाही हो म्हणता. आमच्यातही खोडी आहेत. मोटार लावणारे आम्हीच, गटारावर ओटा बांधणारे आम्हीच, ओला-सुका एकत्र देणारेही आम्हीच. तेही त्याच बैठकीत तोंडावर सांगा. निवडणूक आता पाच वर्षांनी आहे, घाबरायचे कारण नाही.

अर्थसंकल्पाच्या आधी प्रत्येक प्रभागात अशी एक बैठक घ्या. नगरपरिषदेत प्रभागाला तुम्ही दोघे आहात, तेव्हा दोघांनी मिळून घ्या, पक्ष वेगळे असले तरी. किती निधी बांधलेला आहे आणि किती खरोखर तुमच्या हातात आहे हे आधी सांगा, म्हणजे कुणी उड्डाणपूल मागणार नाही. मग हातात असलेल्या पैशांत पहिले काम कोणते, एवढेच विचारा.

बैठक सभागृहात नको. तिथे मंच असतो, मंचावर खुर्च्या असतात आणि अर्धा वेळ सत्कारात जातो. ज्या बोळात पाणी सगळ्यांत शेवटी पोहोचते तिथे घ्या. रात्री साडेआठनंतर, बायकांची भांडी आवरल्यावर. सतरंज्या आम्ही टाकू. माईक आणि फोटोग्राफर आणू नका. चौथा रकाना भरणारा एक माणूस मात्र बरोबर आणा.

आपली,
चढावरच्या बोळातली एक करदाती